कुत्र्यासाठी वेगळं नाव: कुठं शोधावं, अर्थ कसा तपासावा आणि ते त्याला कसं शिकवावं

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत कुणी "ब्रूनो!" अशी हाक मारली की हल्ली एकापेक्षा जास्त कुत्री मान वळवतात. सिम्बा, कोको, रॉकी, लिओ यांचंही तेच. पूर्वी मोती, राजा, टॉमी, टायगर यांचं असंच होतं. नावं बदलली, पण ती निवडायची पद्धत तीच राहिली: आजूबाजूला जे ऐकू येतं त्यातलं एक उचलायचं.

कुत्र्याचं नाव वेगळं असावं असं वाटणं हा नुसता हौसेचा भाग नाही. गर्दीत, रस्त्यावर, फटाक्यांच्या आवाजात घाबरून पळालेल्या कुत्र्याला थांबवायला अनेकदा तेवढा एक शब्द हाताशी असतो, आणि तो शब्द त्याचा एकट्याचा असेल तर बरं. शिवाय पुढची दहा-बारा वर्षं तो दिवसातून कित्येक वेळा उच्चारायचा असतो. म्हणून त्यासाठी थोडी मेहनत घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी थांबा आणि पाहा

पिल्लू घरी आलं त्याच संध्याकाळी नाव ठरवायची घाई करू नका. आठवडाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. लसीकरणाच्या कार्डावर नावाची जागा तोवर मोकळी ठेवता येते.

या दिवसांत त्याच्याकडे नीट पाहा. रंग कोणता, ठिपके कुठं आहेत, कान कसे आहेत, चालताना पाय कसे टाकतो, भांडं वाजलं की पळतो की चौकशीला येतो, झोपताना कुठं जातो. जी नावं टिकतात ती बहुतेक अशा पाहण्यातून येतात. आपल्या खेड्यापाड्यांतली काळ्या, भुऱ्या, लाल्या, कबऱ्या, चांद्या ही नावं पाहा. कबरा म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, चांद म्हणजे कपाळावरचा पांढरा डाग. गुराख्याला लांबूनही जनावर ओळखता यावं म्हणून हे शब्द घडले. शहरात आज "कबऱ्या" नावाचं कुत्रं सहसा भेटणार नाही, म्हणजे जे नाव एके काळी सगळ्यात साधं होतं तेच आता वेगळं ठरेल. पिंगट अंगाच्या कुत्रीला "पिंगळी", करड्या कुत्र्याला "करड्या" म्हणून बघा. परदेशी नावांच्या गर्दीत ही नावं लगेच लक्षात राहतात.

नाव कुठं शोधायचं

आपल्याकडच्या दोन नावांपासून सुरुवात करतो. "वाघ्या" म्हटलं की बहुतेकांना रायगडावरचा पुतळा आठवतो. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. तिला समकालीन आधार नाही असं अनेक अभ्यासक सांगतात, आणि त्या पुतळ्यावरून वादही झाले आहेत. पण नावाला दुसरं, जिवंत मूळ आहे ते खंडोबाच्या परंपरेत. देवाला वाहिलेला भक्त म्हणजे वाघ्या. त्याच्याकडे भंडाऱ्याची पिशवी असते, ती परंपरेने वाघाच्या कातड्याची. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि काही विधींत वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं मानून भुंकतात. "खंड्या" हे नावही खंडेरायाच्याच नावाचं घरगुती रूप. ज्यांच्या घरात खंडोबाचा कुलाचार आहे त्यांनी ही नावं जुनाट म्हणून टाकून देऊ नयेत.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेद मानली जातात. काळभैरवाचं वाहनही कुत्रा. रुद्राध्यायात तर "श्वभ्यः श्वपतिभ्यश्च वो नमः" असा कुत्र्यांना आणि कुत्रे पाळणाऱ्यांनाही नमस्कार आहे. इतका मान असूनही या कुत्र्यांची स्वतंत्र नावं आपल्याला फारशी माहीत नसतात. जी सापडतात ती मात्र विलक्षण आहेत.

पहिलं नाव सरमा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 108वं सूक्त म्हणजे सरमा आणि पणी नावाचे असुर यांचा संवाद. पणींनी गाई लपवलेल्या असतात. त्यांचा माग काढत ही देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचते. पणी तिला आमिष दाखवतात: आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंतला वाटा देतो. सरमा नकार देते. नावाचं मूळ "सृ" धातूत, म्हणजे वेगानं जाणारी, धावणारी. कुत्रीसाठी यापेक्षा नेमकं नाव मला माहीत नाही: उच्चारायला सोपं, शेवटी लांबवता येणारं, आणि मागे एवढी मोठी गोष्ट असलेलं. महाभारताच्या आदिपर्वातही ती येते. जनमेजयाचे भाऊ तिच्या पिल्लाला यज्ञाजवळ मारहाण करतात. त्या पिल्लानं हवीला तोंड लावलेलं नसतं, तिकडं पाहिलेलंही नसतं. सरमा भर यज्ञात येऊन विचारते की माझ्या मुलाचा अपराध काय. उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते. एवढा मोठा ग्रंथ जवळजवळ सुरुवातीलाच एका कुत्रीच्या तक्रारीपाशी थांबतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सरमेची संतती ती सारमेय. संस्कृतात हा कुत्र्यासाठीचा शब्दच झाला. यमाच्या वाटेवर राखण करणारे दोन सारमेय म्हणजे श्याम आणि शबल. शबल म्हणजे चित्रविचित्र ठिपक्यांचा, आपल्या भाषेत कबरा. ऋग्वेदात या दोघांना "चतुरक्ष", म्हणजे चार डोळ्यांचे, म्हटलं आहे. काळ्या अंगाच्या आणि भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके असलेल्या कुत्र्याकडे एकदा पाहा, हे विशेषण डोळ्यांसमोर उभं राहील. पारशी अंत्यविधीतल्या सगदीदमध्येही, म्हणजे मृतावर कुत्र्याची नजर पाडण्याच्या विधीत, चार डोळ्यांच्या कुत्र्याला मान असतो, आणि तिथंही अर्थ भुवयांवरचे ठिपके असाच घेतात. तुमच्याकडे डॉबरमन, रॉटवायलर किंवा अशा ठिपक्यांचं देशी कुत्रं असेल तर "चतुर" हे नाव सुचवेन. हाक मारायला छोटं, आणि मूळ थेट "चतुरक्ष"पाशी जाणारं. घरातल्या मोठ्यांना यमाच्या कुत्र्यांचा संदर्भ खटकू शकतो, तेव्हा आधी त्यांना विचारून घ्या.

आता बाहेरची नावं. इजिप्तचा राजा दुसरा इन्तेफ याच्या थडग्यातल्या शिळेवर त्याची कुत्री कोरलेली आहेत. शिळा सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीची. कुत्र्यांची नावं इजिप्ती नसून परभाषेतली आहेत, आणि म्हणून शेजारी इजिप्ती भाषेत अर्थही दिले आहेत: बेहकाई म्हणजे हरणाच्या जातीचं जनावर, पेहतेस म्हणजे काळा. वेगळं नाव ठेवायचं आणि लोकांना त्याचा अर्थ सांगायचा, ही हौस इतकी जुनी आहे.

ग्रीक लेखक झेनोफन यानं इ.स.पू. चौथ्या शतकात शिकारी कुत्र्यांवर लिहिताना नावांसाठी एक साधा नियम सांगितला: नाव छोटं ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपं जातं. पुढं त्यानं 47 नावं दिली आहेत. त्यातली काही आजही वापरता येतील: फायलॅक्स म्हणजे राखणदार, ऑगो म्हणजे तेजाशी नातं सांगणारं, हेबे म्हणजे तारुण्य, लोंखे म्हणजे भाला. "खारा" म्हणजे आनंद हेही त्या यादीत आहे, पण मराठी घरात ते ठेवलं तर अर्थ समजावता समजावता दमाल.

त्याच यादीतलं "होर्मे" हे नाव मला सगळ्यात जवळचं. अर्थ आवेग, झेप. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या ॲरियनकडे या नावाची कुत्री होती. हा तोच ॲरियन, ज्यानं सिकंदराच्या मोहिमा लिहिल्या आणि भारतावर "इंडिका" लिहिली. शिकारी कुत्र्यांवरच्या पुस्तकात तो मध्येच थांबून आपल्या कुत्रीचं वर्णन करतो, आणि तिचं नाव आपण मुद्दाम लिहून ठेवतो आहोत, म्हणजे ते तिच्या मागे राहील, असं सांगतो. ते खरोखरच राहिलं. सिकंदराच्या कुत्र्याचं नाव पेरितास. तो गेल्यावर सिकंदरानं त्याच्या नावानं शहर वसवलं असं प्लुटार्क सांगतो. आणि होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचा अर्गोस, म्हणजे चपळ, वीस वर्षांनी परतलेल्या मालकाला वेषांतरातही ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो.

विसाव्या शतकातली नावं निवडताना त्यांची पूर्ण गोष्ट माहीत असू द्या. लायका म्हणजे भुंकणारी. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही कुत्री 3 नोव्हेंबर 1957 रोजी स्पुटनिक-2 मधून अवकाशात गेली. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. तिचं आधीचं नाव कुद्र्याव्का, म्हणजे कुरळ्या केसांची. ऑगस्ट 1960 मध्ये गेलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का मात्र सुखरूप परतल्या. स्त्रेल्का म्हणजे छोटा बाण, आणि तिच्या एका पिल्लाचं नाव पुशिंका, म्हणजे मऊ लवदार. हे पिल्लू 1961 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट म्हणून गेलं. मऊ केसांच्या पिल्लाला "पुशिंका" किती शोभेल! हलक्या, वेगवान कुत्रीला "स्त्रेल्का" छान, पण जोडाक्षर आजी-आजोबांच्या तोंडी बसतं का ते बघा.

जपानचा हाचिको सगळ्यांना ठाऊक आहे. मालक 1925 मध्ये गेले, तरी तो मार्च 1935 मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. "हाची" म्हणजे आठ, आणि "को" हा मागून लावलेला आदराचा प्रत्यय. जपानीतली रंगांची नावंही सुटसुटीत आहेत: शिरो म्हणजे पांढरा, कुरो म्हणजे काळा. अस्वलासारख्या केसाळ कुत्र्याला कुमा, कारण कुमा म्हणजेच अस्वल.

अलास्कातल्या नोम गावी 1925 च्या हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध कुत्र्यांच्या गाड्यांवरून पोचवलं गेलं. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो प्रसिद्ध झाला, पण सगळ्यात लांब आणि अवघड टप्पा तोगो या कुत्र्यानं पुढं राहून पार केला होता. तोगो हे नाव जपानी नौदलाच्या ॲडमिरल तोगोवरून, तर बाल्टो हे सामी जमातीच्या सॅम्युएल बाल्टोवरून ठेवलेलं. हा सॅम्युएल 1888 मध्ये नॉर्वेचा संशोधक नान्सेन याच्याबरोबर ग्रीनलंड ओलांडून गेला होता. मला विचाराल तर तोगो निवडा. दोन अक्षरं, शेवटी ओकार, आणि ज्याला श्रेय कमी मिळालं त्याची आठवणही राहते.

अर्थ त्या कुत्र्याला बसतो का?

नाव सापडलं की लगेच ठरवून टाकू नका. ब्रूनो म्हणजे मुळात तपकिरी. काळ्या लॅब्रेडॉरला ते ठेवायला हरकत नाही, पण नंतर अर्थ कळल्यावर खंत वाटायला नको. बियान्का म्हणजे पांढरी. सिम्बा म्हणजे स्वाहिलीत सिंह, आणि त्याच भाषेत चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता. सिम्बा आवडत असेल आणि तरी गर्दीतला नको असेल, तर चुई किंवा दुमा हा सरळ पर्याय आहे.

परभाषेतलं नाव घेताना ते मराठीत आणि हिंदीत कसं ऐकू येतं ते आधी बघा. वर "खारा"चं सांगितलंच. याउलट "हाची" मराठी कानाला परका वाटत नाही, संतांच्या मराठीत "हाचि" म्हणजे हाच. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांमध्ये अर्थ पुष्कळदा चुकीचे असतात. एकाच नावापुढे तीन ठिकाणी तीन अर्थ दिसले तर त्या भाषेचा शब्दकोश उघडा. संस्कृत नावासाठी ती भाषा शिकवणाऱ्या कुणाला विचारा, अशा चौकशीला लोक आनंदानं उत्तर देतात.

आणखी एक. "खंड्या"सारखं रूढ घरगुती रूप सोडलं, तर देवाचं, महापुरुषाचं किंवा एखाद्या समाजाच्या आदराचं नाव ठेवू नका. तुमच्या मनात भक्ती असेल, पण रस्त्यावर तेच नाव घेऊन तुम्ही कुत्र्याला दटावता तेव्हा ऐकणाऱ्याला भक्ती दिसत नाही. शेजारच्यांचं आडनाव, त्यांच्या मुलाचं लाडाचं नाव हेही टाळा.

हाकेची परीक्षा

नाव दोन अक्षरी असावं, फार तर तीन. शेवटी आ, ई, ऊ, ओ असा स्वर असला की लांब हाक मारता येते: "सरमाऽऽ", "तोगोऽऽ". व्यंजनावर संपणारं नाव लांबून तुटक ऐकू येतं. मराठीत त्यावर तयार उपाय आहे, शेवटी "या" किंवा "ऊ" जोडायचा. शबलचा "शबल्या" होतो आणि हाक मोकळी होते. मोठं नाव आवडलं असेल तर ते कागदावर ठेवा आणि रोजच्या हाकेला छोटं करा. केनेल क्लबमध्ये नोंदवलेल्या कुत्र्यांचं तसंच असतं, प्रमाणपत्रावर लांबलचक नाव आणि घरात वेगळंच.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सहसा राहून जाणारी तपासणी. घरात कुत्र्याला ज्या आज्ञा देणार त्या लिहून काढा आणि नाव त्यांच्याशेजारी म्हणून पाहा. मराठीत आज्ञा देत असाल तर बस, ये, थांब, सोड, नको, चल, आण हे शब्द येणार. मग "निको" नको, कारण ते "नको"च्या फार जवळ जातं. "बाशा" आणि "बस", "सोडा" आणि "सोड", "आन्या" आणि "आण" यांचीही गल्लत होईल. इंग्रजी आज्ञा देत असाल तर "किट" आणि "सिट", "जो" आणि "नो", "ब्राउन" आणि "डाऊन" यांचा तसाच घोळ. घरात आणखी कुत्रं, मांजर किंवा मूल असेल तर त्यांच्या नावांशीही ताडून पाहा. "चिकू" आणि "पिकू" एका घरात नकोत. कुत्रं बरेच शब्द वेगळे ओळखू शकतं. अमेरिकेतली चेसर ही बॉर्डर कोली हजाराहून जास्त खेळणी नावानं ओळखत होती, 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पण तिला तीन वर्षं रोज शिकवलं होतं. आपल्या घरात निदान गोंधळ तरी वाढवू नये.

मग गच्चीवर किंवा मैदानात जाऊन ते नाव मोठ्यानं ओरडा. घरातल्या प्रत्येकाला ओरडायला लावा. चार वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या आजीला ते एकसारखं म्हणता आलं पाहिजे. आजी "फायलॅक्स"चं काहीतरी वेगळंच करणार असेल तर घरात त्या नावाची दोन रूपं होतील, आणि कुत्र्यासाठी ते दोन वेगळे शब्द असतील. दोन-तीन नावं या परीक्षेतून उरली तर प्रत्येक नाव दोन दिवस वापरून पाहा. एकाशी तोंड आपोआप रुळतं.

नाव शिकवणं

नाव ठरलं म्हणजे कुत्र्याला ते कळलं असं होत नाही. पनीर किंवा मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीही देऊ नका, ते कुत्र्याला विषारी ठरतं. शांत खोलीत, तो दुसरीकडे पाहत असताना, नाव एकदाच उच्चारा. त्यानं वळून पाहिलं की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. नाही वळला तर नाव पुन्हा पुन्हा म्हणू नका, जिभेनं टक् असा आवाज करून त्याचं लक्ष वेधा आणि थोड्या वेळानं परत करा. दहाएक वेळा झालं की थांबा. दिवसातून तीन-चार छोट्या बैठका पुरतात.

खोलीत जमलं की दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यातून, मग मैदानात लांब दोरी बांधून. आसपास माणसं बोलत असताना हाक मारायचा सरावही करा. माणसांच्या गोंगाटातही कुत्रं स्वतःचं नाव वेगळं ओळखू शकतं, मेरीलँड विद्यापीठातल्या अभ्यासात हे 2019 मध्ये दिसून आलं. पण ओळखणं आणि धावत येणं यांत फरक आहे, आणि धावत येणं सरावानंच जमतं.

नाव घेऊन ओरडू नका. चादर फाडली, चप्पल चावली, तरी रागाच्या वेळी नाव तोंडात येता कामा नये. अशा वेळी "नको" पुरे. अंघोळ, औषध, नखं कापणं यांसाठीही नावानं बोलावण्याऐवजी आपण उठून जावं. नाव ऐकलं की काहीतरी चांगलं होतं, एवढंच त्याच्या मनात पक्कं बसलं पाहिजे.

मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल तर

निवारा केंद्रातून किंवा रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचं नाव बदलता येतं, वय कितीही असो. जुनं नाव माहीत असेल आणि तो त्याला आनंदानं प्रतिसाद देत असेल तर ते बदलायची गरजच काय, याचा आधी विचार करा. बदलायचंच असेल तर नवं आणि जुनं जोडून हाक मारा: "तोगो-टॉमी". नवं नाव आधी. एक-दोन आठवड्यांनी जुनं हळू आवाजात म्हणा, मग सोडून द्या. जुन्या नावाच्या जवळचा आवाज निवडला तर आणखी सोपं जातं, मोतीचा "बोती" करण्यापेक्षा "ज्योती" बरं.

जुनं नाव ऐकून तो अंग चोरत असेल, कान मागे घेत असेल, तर ते त्याच दिवशी टाकून द्या आणि अगदी वेगळ्या आवाजाचं नाव घ्या. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यानं बहुतेक "हाड हाड" आणि "छू" हे दोन आवाज खूप ऐकलेले असतात, म्हणून "हा"नं किंवा "छो"नं सुरू होणारी नावं त्याच्यासाठी टाळा. "हाची" आणि "छोटू" कितीही गोड वाटले तरी.

नाव पक्कं झालं की ते लसीकरणाच्या कार्डावर आणि महापालिकेच्या परवान्यावर एकाच पद्धतीनं लिहा. स्पेलिंग वेगवेगळं असेल तर नंतर कागद जुळवताना त्रास होतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र आधी फोन नंबर मोठ्या अक्षरांत कोरून घ्या, आणि जागा उरली तर खाली नाव.